सुवार्तेच्या रेडिओला खरंच पुन्हा पालवी फुटते आहे का?

लघुलहरी (धागाकर्ता)

ख्रिस्ती सुवार्ता-प्रसारणाबद्दल गेली काही वर्षं दोन अगदी उलट बातम्या ऐकतो आहे.

एकीकडे मोठमोठी केंद्रं बंद पडली. सेशेल्स बेटांवरून दक्षिण आशियाकडे येणारं फेबा या ख्रिस्ती संस्थेचं लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपण २००३ मध्ये थांबलं. इक्वाडोरच्या एचसीजेबी या ख्रिस्ती रेडिओने २००९ मध्ये पिफोचं केंद्र गुंडाळलं. फॅमिली रेडिओने फ्लोरिडातल्या ओकीचोबीचे प्रेषक (ट्रान्समीटर) २०१३ मध्ये बंद केले. २०१८च्या जूनअखेर मनिलाच्या रेडिओ व्हेरितास एशियानेही लघुलहरींचा निरोप घेतला.

दुसरीकडे मादागास्करमध्ये वर्ल्ड ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंगचं नवंकोरं लघुलहरी केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर ट्रान्स वर्ल्ड रेडिओ शंभर किलोवॉटवर आला होता, तो २०१८ मध्ये पुन्हा चारशेच्या वर गेला. अमेरिकेत १९८२ साली एका केंद्रापासून सुरू झालेल्या के-लव्हचे कार्यक्रम आज शेकडो एफएम केंद्रांवर लागतात. शिवाय अ‍ॅप आहेत, पॉडकास्ट आहेत. या सगळ्याला मिळून 'रेडिओचं पुनरुज्जीवन' म्हणतात.

मला ते पटत नाही. या रेडिओचं मोल होतं ते ज्याच्यापर्यंत दुसरं काहीच पोचत नाही त्याच्यापर्यंत जाण्यात. अ‍ॅप शोधून ऐकणारा माणूस बहुतेक वेळा आधीपासूनच चर्चच्या मंडळीतला असतो. त्याला आणखी एक वाहिनी मिळाली एवढंच. तुमचं काय मत? ज्यांनी ऐकलंय, ज्यांनी कार्यक्रम केलेत, त्यांनी जरूर लिहा. श्रद्धा असो वा नसो.

पहाटवारा

चांगला धागा. मुळापासून सुरुवात करू या. उपासनेचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण झालं २ जानेवारी १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून. केडीकेए हे केंद्र तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं. केंद्र चालवणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीचा एक इंजिनिअर तिथल्या गायकवृंदात गायचा, म्हणून हे चर्च निवडलं. मुख्य पाळकांना या प्रकाराचं फारसं अप्रूप नव्हतं, त्यामुळे प्रवचन त्यांच्या तरुण सहकाऱ्याने दिलं.

यंत्रं सांभाळायला आलेल्या दोन तंत्रज्ञांमुळे भाविकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. त्यांतला एक ज्यू होता, दुसरा कॅथलिक!

चिमणपाखरू

म्हणजे सर्वधर्मसमभाव पहिल्याच दिवशी लाइव्ह :)

अँटेनावेडा

एचसीजेबीचं नाव निघालं आहे तर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३१च्या नाताळच्या दिवशी क्लॅरन्स जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किटोमध्ये २०० वॉटच्या प्रेषकावर प्रसारण सुरू केलं. त्या वेळी अख्ख्या इक्वाडोरमध्ये रेडिओसंच बोटांवर मोजण्याइतके. विषुववृत्ताजवळ, डोंगरात केंद्र उभारू नका असा जाणकारांचा सल्ला होता. प्रत्यक्षात त्याच जागेवरून दोन्ही गोलार्धांत आवाज छान पोचू लागला.

पुढे ताकद वाढवली तेव्हा भलतीच अडचण आली. किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंच, हवा विरळ. यागी अँटेनाच्या (आडव्या दांड्यांची, एका दिशेने लहरी सोडणारी) टोकांना इतका विद्युतदाब यायचा की रात्री तिथे ठिणग्यांचे झोत दिसायचे आणि धातू वितळून टोकं झडायची. क्लॅरन्स मूर नावाच्या इंजिनिअरने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला डोकं लढवलं: टोकच ठेवायचं नाही! तारेचं बंद चौकोनी वेटोळं केलं. हीच क्युबिकल क्वाड अँटेना. जगभरचे हौशी रेडिओवाले, ज्यांचा धर्माशी काडीचा संबंध नाही असेही, ती आजतागायत छपरावर उभारतात. मीही उभारली आहे.

म्हणून लघुलहरी, 'पोचण्यात मोल' या तुमच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन. ही मंडळी पोचण्यासाठी भौतिकशास्त्राशी झगडली आहेत. सेशेल्समध्ये तर अँटेनाचे मनोरे समुद्रातल्या प्रवाळ खडकावर रोवले होते, कारण खाऱ्या पाण्यावरून लहरींचं परावर्तन उत्तम होतं.

तिसरीघंटा

तंत्र कौतुकास्पद आहे, मान्य. पण धाग्याचा सूर एकदम भक्तिभावाचा होतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

फादर चार्ल्स कॉफलिन. डेट्रॉइटजवळचे कॅथलिक धर्मगुरू. १९२६ मध्ये रेडिओवर मुलांसाठी धर्मशिक्षणाचे कार्यक्रम करू लागले, मंदीच्या काळात राजकारणाकडे वळले. सीबीएस या रेडिओ साखळीने हात झटकल्यावर त्यांनी स्वतः केंद्रांकडून वेळ विकत घेऊन साखळी उभी केली. श्रोते कोट्यवधी. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं-दुकानं जाळली गेली आणि हे महाशय त्याचं समर्थन करायला माइकसमोर बसले. न्यूयॉर्कच्या एका केंद्राने पुढचं भाषण लावायला नकार दिला. १९४० पर्यंत प्रसारकांच्या नव्या आचारसंहितेने त्यांचा आवाज थांबला, पण तोवर विष पसरलं होतं.

अलीकडचं उदाहरण फॅमिली रेडिओचे हॅरॉल्ड कॅम्पिंग. २१ मे २०११ ला न्यायाचा दिवस येणार हे किती भाषांत, किती लहरींवर सांगितलं! ऐकणाऱ्यांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा जाहिरातफलकांवर घातला. तारीख आली आणि गेली.

एकतर्फी माध्यम आहे हे. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे नुसतं 'पोचणं' हे मोल कसं ठरेल? काय पोचतं हे बघायला नको?

लघुलहरी

@तिसरीघंटा, हे दोन्ही मुद्दे धाग्यात हवेच होते. कॉफलिन यांच्याबद्दल मऊ भाषा वापरण्याचं कारण नाही. मात्र एक जोड देतो. त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्या प्रस्थापित चर्चना फुकट वेळ देत आणि बाकीच्यांना विकतही द्यायला नाखूश असत. वॉल्टर मायर यांचा लुथरन कार्यक्रम, चार्ल्स फुलर यांची लाँग बीचच्या सभागृहातली रविवारची उपासना, हे सगळं श्रोत्यांच्या देणग्यांतून वेळ विकत घेऊन चालायचं. १९४४ मध्ये म्युच्युअल साखळीने विकत घेतलेले धार्मिक कार्यक्रम फक्त रविवार सकाळपुरते ठेवले आणि रेडिओवर देणगी मागायला बंदी केली. नॅशनल रिलिजिअस ब्रॉडकास्टर्स ही संघटना त्याच वर्षी उभी राहिली. १९६० मध्ये सरकारी नियामकाने विकलेला वेळही लोकसेवेत धरायला सुरुवात केली. मग फुकट वेळ कोण देणार? पैसे भरणारे राहिले, बाकीचे हवेतून गेले. आज तिथल्या धार्मिक रेडिओचा जो सूर आहे, त्याची मुळं या हिशेबात आहेत.

दूरध्वनी

ब्रिटनचा मार्ग वेगळा. बीबीसीची रोजची उपासना २ जानेवारी १९२८ पासून चालू आहे. एका श्रोत्या बाईंनी पत्रं लिहून, सह्या गोळा करून ती सुरू करायला लावली. सगळं बीबीसीच्या छत्राखाली, शांत आवाजात. स्वतंत्र ख्रिस्ती केंद्राला मात्र १९९०च्या कायद्यानंतरच वाट मिळाली आणि लंडनमध्ये प्रीमियर रेडिओ १९९५ मध्ये सुरू झाला. भारतात धार्मिक संस्थांना एफएमचा परवानाच मिळत नाही. म्हणून तर मराठीतले ख्रिस्ती कार्यक्रमही अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओसारख्या संस्थांच्या परदेशी प्रेषकांवरून यायचे.

निळीशाई

हा धागा वाचून राहवलं नाही. मी काही वर्षं अशाच एका संस्थेच्या स्टुडिओत मराठी कार्यक्रमांचं लेखन आणि निवेदन केलं आहे. संस्थेचं नाव नको, पण काम कसं चालायचं ते सांगते.

कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. आम्ही ध्वनिमुद्रण करायचो आणि फिती विमानाने प्रेषकाच्या देशात जायच्या. प्रसारण व्हायला काही आठवडे लागत. त्यामुळे 'आज', 'काल', 'सध्याच्या या पावसात' असले शब्द संहितेतून काढून टाकायचे. ऐकणारा कुठल्या ऋतूत ऐकेल कोण जाणे.

दुसरा नियम, बोलण्याखाली संगीत नाही. स्टुडिओत पेटीचा मंद सूर मागे ठेवला की सुंदर वाटायचं. लघुलहरींवर आवाज चढतो-उतरतो, शेजारच्या केंद्राची शिटी मिसळते, त्यात तो सूर शब्द गिळून टाकतो. गाणं वेगळं, बोलणं वेगळं. वाक्यं लहान. महत्त्वाची गोष्ट दोनदा, पण वेगळ्या शब्दांत, कारण पहिल्या वेळी आवाज नेमका बुडालेला असू शकतो. पत्ता तर शेवटी दोनदा, सावकाश. एकदा मी घाईने पत्ता वाचला तर ध्वनिमुद्रकाने फीत थांबवून सांगितलं, "ताई, तो माणूस पेन्सिल शोधतोय अजून." त्यानंतर पत्ता वाचताना मला कायम तो पेन्सिल शोधणारा माणूस दिसायचा.

आणि @तिसरीघंटा, माध्यम एकतर्फी होतं हे अर्धंच खरं आहे. पत्रं यायची! पोस्टकार्डं, आंतरदेशीय, वहीचे कागद. प्रत्येक पत्राला हाताने उत्तर जायचं, हा आमचा सगळ्यात मोठा विभाग होता. बायबलविषयी प्रश्न थोडे, घरच्या अडचणी जास्त. नवऱ्याची दारू, मुलीचं अडलेलं शिक्षण, नुकताच झालेला एखादा मृत्यू. "तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हालाच लिहिते" अशा अर्थाची वाक्यं मी कितीतरी वाचली. बहुतेकांना धर्म बदलायचा नव्हता. कुणीतरी वाचावं एवढंच हवं होतं. त्या पत्रांनीच पुढच्या संहिता घडायच्या.

कोष्टी

निळीशाई, अप्रतिम प्रतिसाद.

मी ख्रिस्ती नाही. लहानपणी घरात मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि रात्री सुई फिरवणं हाच खेळ. व्हॅटिकन रेडिओची 'क्रिस्तुस व्हिंचित'ची धून लागली की थांबायचं. कार्यक्रम ऐकल्याचं पत्र केंद्राला पाठवलं की चित्राचं कार्ड यायचं, त्याची जमवाजमव असायची. कुणी मला बाटवायला आलं नाही. :) उलट जगाचा नकाशा मी असल्या कार्डांवरून शिकलो. ग्वाम, मोनाको, बोनेर ही नावं शाळेत कुठे कळणार होती?

हेमाडपंथी

धर्मप्रसार तो धर्मप्रसारच. गरीब देशांवर श्रीमंत देशांच्या पैशाने आवाज सोडायचा. कार्डं, कॅलेंडरं ही आमिषं नाहीत तर काय?

संपादक

धर्मांतर योग्य की अयोग्य यावर इथे आधीच बरेच धागे आहेत. इथली चर्चा रेडिओपुरती ठेवावी ही विनंती.

पहाटवारा

संपादकांशी सहमत, पण हेमाडपंथींच्या म्हणण्यात रेडिओपुरता एक मुद्दा आहे, आणि तो खुद्द या क्षेत्रातल्या लोकांनाही पडला होता. लुथरन वर्ल्ड फेडरेशनने १९६३ मध्ये अदिस अबाबात रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल सुरू केला. त्यांचं सूत्र होतं तीस टक्के सुवार्ता आणि सत्तर टक्के बातम्या, शेती, आरोग्य, शिक्षण. कार्यक्रम अदिसमध्ये बसून लिहायचे नाहीत, त्या त्या देशातल्या स्टुडिओंत तिथल्या लोकांनी करायचे, असाही आग्रह होता. मार्च १९७७ मध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीने केंद्र ताब्यात घेतलं. नाव बदललं आणि त्याच प्रेषकांवरून क्रांतीचा प्रचार सुरू झाला.

माझ्या मते या क्षेत्रातला तो सगळ्यात विचारी प्रयोग होता, आणि चौदा वर्षांत संपला.

अनुस्वार

फक्त प्रवचनं म्हणजे हा रेडिओ नव्हे, याला आणखी एक पुरावा. दुसऱ्या महायुद्धात व्हॅटिकन रेडिओवरून युद्धकैदी आणि बेपत्ता लोकांची नावं वाचली जायची. अमुक गावचा अमुक जिवंत आहे, अमुक छावणीत आहे. असे दहा लाखांहून जास्त निरोप गेले. १२ फेब्रुवारी १९३१ ला मार्कोनीने स्वतः उभारून दिलेल्या आणि पोप अकराव्या पायसने लॅटिन भाषणाने सुरू केलेल्या केंद्राचं मला तरी हे सर्वांत मोठं काम वाटतं. निव्वळ नावं वाचणं.

आणि फेब्रुवारी १९८६ चं मनिला! कार्डिनल सिन यांनी लोकांना रस्त्यावर यायचं आवाहन केलं ते रेडिओ व्हेरितासवरून. हुकूमशहा मार्कोसच्या माणसांनी प्रेषक उद्ध्वस्त केला, तर निवेदिका जून कीथली दुसऱ्या केंद्रात जाऊन बसल्या आणि प्रसारण चालू ठेवलं. चार दिवसांत राजवट गेली.

तिसरीघंटा

महायुद्धातल्या निरोपांबद्दल ठाऊक नव्हतं. फार मोठं काम. माझा आक्षेप कायम आहे, पण तो माध्यमावर नसून उत्तरदायित्व न मानणाऱ्या माणसांवर आहे, असं आता म्हणेन. निळीशाईंच्या स्टुडिओत पत्रं वाचली जात होती. कॉफलिन यांनाही पोत्यांनी पत्रं यायची. ती वाचून संहिता बदलते की नाही, फरक तिथे पडतो.

अँटेनावेडा

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. 'पोचण्या'चं सगळ्यात विलक्षण उदाहरण व्हिएतनाममधल्या हमोंग लोकांचं. उत्तरेकडच्या डोंगरांत राहणारा समाज, बाहेरच्या धर्मप्रचारकाला तिथे मज्जाव. १९८०च्या दशकात त्यांतले काही जण सुई फिरवत असताना त्यांना आपली भाषा ऐकू आली. रेडिओवर आपली भाषा! प्रसारण होतं फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग या ख्रिस्ती संस्थेचं, मनिलाहून. निवेदक स्वतः हमोंग, आणि तो सुवार्ता सांगायचा ती हमोंग लोककथांचा धागा पकडून. एकही मिशनरी न जाता तिथे फार मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. मानववंशशास्त्रज्ञांनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

सोव्हिएत संघ आणि चीनसाठीच्या प्रसारणांत बायबल लिहून घेण्याच्या वेगाने वाचलं जायचं. वचन सावकाश, थांबा, पुन्हा तेच वचन. छापील प्रत मिळत नव्हती म्हणून लोक वह्यांत उतरवून घ्यायचे. अ‍ॅप हे करू शकेल का? अ‍ॅप उतरवलं की नोंद राहते, सरकारने मनात आणलं की ते एका रात्रीत गायब. लघुलहरींचा संच कोण कुठे लावून बसलाय याचा पत्ता लागत नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरून १५६६ किलोहर्ट्झवर उत्तर कोरियाकडे प्रसारण १९७३ पासून चालू आहे, त्याला अ‍ॅपचा पर्याय नाहीच.

दूरध्वनी

मान्य, पण असे देश आता किती? बाकी ठिकाणी रेडिओसंच विकतच मिळत नाहीत हो. अमेरिकेत तर इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएमच काढून टाकायला निघाले होते, कारण मोटरमुळे खरखर येते. धार्मिक प्रसारकांनी तिथल्या संसदेपर्यंत धाव घेतली. माध्यम टिकवण्यासाठी कायदा मागावा लागतो तेव्हा पालवीची गोष्ट कशाला करायची?

चिमणपाखरू

आमच्याकडचा जुना संच अजून छान चालतो. सेल मिळत नाहीत.

निळीशाई

@दूरध्वनी, संच मिळत नाहीत ही अडचण जुनीच आहे. पन्नासच्या दशकात फिलिपिन्समध्ये फार ईस्टवाल्यांनी एकाच केंद्रावर कायम लावलेले संच खेडोपाडी वाटले होते. पुढे सौरऊर्जेवर चालणारे आले. आता त्याच आकाराचे मेमरी कार्डवाले यंत्र वाटतात. त्यात लहर नाही, प्रेषक नाही. लोक गोल करून बसतात आणि ऐकतात. मला ते रेडिओच वाटतं. तांत्रिक मंडळी नाक मुरडतील!

अँटेनावेडा

नाक मुरडलं आहे. :) लहर नाही तर रेडिओ नाही. पण गोल करून ऐकणं महत्त्वाचं, हे खरं.

अनुस्वार

पुनरुज्जीवन म्हणायचंच असेल तर मी लायबेरियाच्या ईएलडब्ल्यूएचं नाव घेईन. १९५४ मध्ये मोनरोव्हियात सुरू झालेलं केंद्र. १९९० च्या यादवी युद्धात उद्ध्वस्त, पुन्हा उभं केलं, १९९६ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त, पुन्हा उभं केलं. या वेळी लहान, एफएमवर, स्थानिक भाषांत.

लघुलहरी

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा एकदा वाचून काढले. अनुस्वार यांच्या उदाहरणाने माझ्या प्रश्नाला नवं वळण दिलं. मी ताकदीचे आकडे मोजत बसलो होतो, किती किलोवॉट गेले, किती आले. के-लव्हसारख्या साखळीत एकाच ठिकाणचा आवाज उपग्रहावरून शेकडो गावांत वाजतो. तो आकड्यांत भरभरून दिसतो, पण त्या गावातलं कुणी त्यात बोलत नाही. उलट अमेरिकेतच २००० साली शंभर वॉटपर्यंतच्या लहान एफएम केंद्रांना परवाने मिळू लागले, त्यांत कितीतरी चर्च होती. ती केंद्रं आकड्यांत दिसतही नाहीत, पण तिथे शेजारचा माणूस बोलतो.

माझं म्हणणं आता असं: जिथे ऐकणाऱ्याची भाषा आणि ऐकणाऱ्याचं पत्र दोन्ही कार्यक्रमात शिरतात, तिथे पालवी आहे, मग ती लघुलहर असो की मेमरी कार्ड. निव्वळ अ‍ॅपच्या संख्येला मी अजूनही पालवी म्हणणार नाही. आणि बंद सीमांपलीकडच्या लोकांसाठी लघुलहरींचे प्रेषक टिकलेच पाहिजेत, यावर मी ठाम आहे. एकदा मनोरे पाडले की पुन्हा कुणी उभारत नाही. मादागास्कर हा अपवाद, आणि तोही किती वर्षं रखडला होता.

दूरध्वनी

'पत्र शिरतं' हे मोजायचं कसं, ते सांगा मात्र.

निळीशाई

संहिता वाचून कळतं. खरंच कळतं.

कोष्टी

व्यावहारिक प्रश्न: ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं ग्वामहून येणारं डिजिटल प्रसारण ऐकायचं तर काय लागेल? साधा संच चालेल?

अँटेनावेडा

साध्या संचावर फक्त एकसुरी सूंऽऽ ऐकू येईल. डीआरएमचा (डिजिटल लघुलहरींचा) संच हवा, नाहीतर संगणकाला जोडायचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) आणि डिकोडर. आधी नेहमीचं अ‍ॅनालॉग प्रसारण पकडून बघा. घरात खरखर फार असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा ऑनलाइन रिसीव्हर फुकट आहे, पण तो तिकडची हवा ऐकवतो हे ध्यानात ठेवा. वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं, जुनी फ्रिक्वेन्सी धरून बसू नका. ऐकू आलं तर केंद्राला रिपोर्ट (कसं ऐकू आलं त्याची नोंद) जरूर पाठवा.

कोष्टी

पाठवतो. रिपोर्टमधले दर्जाचे ते पाच आकडे कसे लिहायचे हे विसरलो आहे.

अँटेनावेडा

सिनपो: सिग्नल, दुसऱ्या केंद्राचा व्यत्यय, खरखर, आवाजाचा चढ-उतार, एकूण दर्जा. या क्रमाने, प्रत्येकी एक ते पाच, पाच म्हणजे उत्तम. आणि कार्यक्रमात काय ऐकलंत ते दोन ओळींत लिहा, त्याशिवाय कार्ड येत नाही.